हॉल सेन्सर घ्यायचा का रीड स्विच? मॅग्नेटवाला पहिला प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतला डिप्लोमाचा एक मुलगा संध्याकाळी ब्रेडबोर्ड हातात घेऊनच घरी आला, म्हणाला "दादा, हे बघा की, मॅग्नेट लांब नेला तरी लाईट चालूच राहायलंय." त्याला त्याच्या काकांच्या चादरीच्या मागावर काउंटर बसवायचा होता, म्हणजे दिवसभरात धोटा (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जातो तो) किती वेळा गेला ते मोजायचं, आणि त्यासाठी दुकानात जाऊन "एक हॉल सेन्सर द्या" म्हणून, म्हणजे मॅग्नेट जवळ आला की कळवणारा पार्ट, घेऊन आला होता. दोन दिवस तो कोड बदलत बसला होता. कोडमध्ये काहीच चूक नव्हती, वायरिंगमध्ये नव्हती, सेन्सरसुद्धा एकदम चांगला होता, फक्त तो त्या कामाचा नव्हता. तो लॅच टाईपचा होता. लॅच म्हणजे काय ते खाली सांगतोच.

असं बऱ्याच जणांचं होतं म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. माझं एकच म्हणणं आहे, आधी मॅग्नेट कसा हलणार ते ठरवा आणि मग सेन्सर निवडा. बहुतेक जण उलटं करतात, आधी सेन्सर आणतात आणि मग मॅग्नेट कुठे चिकटवायचा ते बघत बसतात.

सुरुवात कागदावर

दुकानात जायच्या आधी वहीत चार गोष्टी लिहा. एक, मॅग्नेट येऊन थांबतो (दार बंद झालं, झाकण लागलं) का समोरून सपकन निघून जातो (चाक, पंखा, माग). दोन, सेकंदाला किती वेळा जातो. तीन, करंट अडाप्टरवरून आहे का बॅटरीवर. चार, बोर्ड ५ व्होल्टचा आहे का ३.३ चा, म्हणजे आर्डुइनो उनो का ईएसपी३२ (आपला कोड चालवणारे छोटे बोर्ड, उनो ५ चा, ईएसपी३२ ३.३ चा). या चार उत्तरांत निम्म्याच्या वर निवड होऊन जाते.

त्या मुलाचं उदाहरण घेऊ. साध्या मागात क्रँकशाफ्टच्या (मागाचा मुख्य फिरता दांडा) एका फेऱ्याला धोटा एकदा जातो, म्हणून मॅग्नेट क्रँकशाफ्टच्या चाकावर बसवायचा. खालचा शाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो, चुकून त्याच्यावर बसवला तर काउंट निम्माच येईल. मिनिटाला १५० फेरे धरले तर सेकंदाला अडीच, म्हणजे दोन फेऱ्यांच्या मध्ये ४०० मिलिसेकंद. ऐकायला भरपूर वेळ वाटतो. पण मॅग्नेट सेन्सरसमोर किती वेळ असतो ते बघा, शाफ्टपासून १० सेंटीमीटरवर ८ मिलिमीटरचा मॅग्नेट लावला तर एका फेऱ्यात तो साधारण ६२८ मिलिमीटर फिरतो, सेकंदाला दीड मीटरच्या वर, आणि सेन्सरसमोरून फक्त ५ मिलिसेकंदात निघून जातो. कोडच्या लूपमध्ये कुठे डिले १००, म्हणजे १०० मिलिसेकंद थांब, असं टाकलेलं असेल तर बहुतेक फेरे दिसणारच नाहीत. हा हिशोब आधी केला तर पुढचा बराच त्रास वाचतो.

आता कोणते प्रकार मिळतात

रीड स्विच सगळ्यात जुना. १९३६ मध्ये बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवूड यांनी शोधला. काचेची बारीक नळी, आत लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये केसाएवढी फट, मॅग्नेट जवळ आला की पट्ट्या एकमेकींना ओढून चिकटतात, गेला की सुटतात. याला स्वतःला करंट लागतच नाही, व्होल्टेजची भानगड नाही, दोन वायरी आणि काम झालं. दार, खिडकी, झाकण, पाण्याच्या टाकीचा फ्लोट यासाठी मी डोळे झाकून हाच सांगतो. बाजारात जो टाकीचा उभा फ्लोट सेन्सर मिळतो त्याच्या दांडीत रीड स्विचच असतो आणि वरखाली होणाऱ्या तरंगत्या गोळ्यात मॅग्नेट. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे टाकीचा प्रोजेक्ट इथे घराघरात हवा असतो आणि पहिला प्रोजेक्ट म्हणून तो छानच आहे. एक मात्र कळकळीने सांगतो, रीड स्विचमधून मोटर डायरेक्ट चालवू नका. छोटा रीड साधारण १० वॉटपर्यंतचा असतो, मोटर सुरू होताना जो झटका घेते त्यात पट्ट्या वितळून कायमच्या चिकटतात, मग टाकी भरली तरी मोटर बंद होत नाही. रीडने फक्त बोर्डाला सिग्नल द्यायचा, मोटरचं काम रिले आणि कॉन्टॅक्टरचं (छोट्या सिग्नलवर मोठा करंट चालूबंद करणारे स्विच), आणि २३० व्होल्टची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

रीडचे दोष दोन. पट्ट्या चिकटताना थोड्या थरथरतात म्हणून एका वेळेला दोन-तीन काउंट जातात, ते कोडमध्ये सांभाळावं लागतं. आणि काच नाजूक. मी पहिला रीड पाय वाकवतानाच फोडला, बोटाने काचेच्या अगदी मुळाशी पाय दुमडला आणि टिक असा बारीक आवाज आला, तडा डोळ्याला दिसलाही नाही पण स्विच त्या दिवसापासून कधी चाले कधी नाही. पाय वाकवायचा असेल तर काच आणि वाकवायची जागा यांच्या मध्ये बारीक पक्कडीने पाय घट्ट धरा, काचेपासून निदान ३-४ मिलिमीटर सोडा आणि पक्कडीच्या पलीकडचा भाग वाकवा, म्हणजे जोर काचेवर येतच नाही.

हॉल सेन्सर म्हणजे ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा तीन पायांचा. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये जो परिणाम शोधला त्याच्यावर चालतो, आत हलणारं काही नाही, त्यामुळे झिजत नाही, थरथरत नाही, धूळ-भुग्याचा त्रास नाही. मागाच्या शेडमध्ये दिवसभर कापसाचा भुगा उडतो आणि जमीनसुद्धा हादरते, तिथे हॉलच पाहिजे. पण "हॉल सेन्सर द्या" एवढं म्हणून भागत नाही, कारण दिसायला सारखेच असणारे चार प्रकार आहेत.

पहिला युनिपोलर, उदाहरण ए३१४४. मॅग्नेटचा साऊथ पोल अक्षरं लिहिलेल्या बाजूसमोर आला की ऑन, गेला की आपोआप ऑफ. काउंटरसाठी हाच. दुसरा लॅच, उदाहरण यूएस१८८१. साऊथ दाखवला की ऑन होतो आणि मॅग्नेट काढून घेतला तरी ऑनच राहतो, नॉर्थ पोल दाखवल्यावरच ऑफ होतो. चाकावर नॉर्थ-साऊथ आलटूनपालटून लावलेले असतील, बीएलडीसी म्हणजे बिनब्रशच्या मोटरसारखे, तर तो उत्तम आहे, पण एकाच मॅग्नेटवर तो एकदा ऑन होऊन तसाच बसणार. गल्लीतल्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं. तिसरा ऑम्निपोलर, त्याला कोणताही पोल चालतो, मॅग्नेट उलटा बसला तरी काम होतं, डीआरव्ही५०३२ च्या काही व्हर्जन अशा आहेत. चौथा लिनिअर, ४९ई, हा स्विच नाहीच, मॅग्नेट किती जवळ त्याप्रमाणे व्होल्टेज कमीजास्त करतो, मॅग्नेट नसताना सप्लायच्या निम्मं देतो म्हणजे उनोवर ते व्होल्टेज वाचलं की आकडा ५१२ च्या आसपास. ॲक्सिलरेटर, जॉयस्टिक असलं काही करायचं असेल तरच घ्या.

हातात आलेला पीस नक्की कोणता ते घरीच कळतं. एलईडी लावून एक बाजू दाखवा, ऑन झाला आणि मॅग्नेट काढल्यावर बंद झाला तर मॅग्नेट पालटून परत दाखवा. दुसऱ्या बाजूलाही पेटला तर ऑम्निपोलर, नाही पेटला तर युनिपोलर. आणि मॅग्नेट काढूनही पेटलेलाच राहिला तर लॅच. ही टेस्ट एका मिनिटाची आहे, आणल्या आणल्या प्रत्येक पीसची करा, कारण पाकिटावर एक नाव आणि आत दुसराच माल असं मला स्वतःला दोनदा मिळालंय.

बॅटरीवर चालवायचं असेल तर इथे थांबा

ए३१४४ सारखा सेन्सर चोवीस तास ४-५ मिलिअँप खात बसतो. २००० एमएएचचे तीन सेल सिरीजमध्ये (एकामागे एक) लावले तर ५ मिलिअँपने ४०० तास, म्हणजे सतरा दिवससुद्धा नाही, आणि हे फक्त सेन्सरचं, बोर्डाचं वेगळं. डीआरव्ही५०३२ ची सेकंदाला ५ वेळा बघणारी व्हर्जन एका मायक्रोअँपपेक्षाही कमी घेते, वर्षानुवर्षं चालेल, पण सेकंदाला ५ वेळाच बघते हे लक्षात ठेवा, दारासाठी ठीक आहे, मागाच्या चाकासाठी अजिबात नाही.

रीड काहीच खात नाही असं वर म्हटलं, पण त्यात एक मेख आहे. दार बंद असताना मॅग्नेट रीडजवळ असतो, म्हणजे स्विच चिकटलेला, म्हणजे पुलअप रेझिस्टरमधून (स्विच उघडा असताना पिन सप्लायकडे ओढून धरणारा रेझिस्टर) करंट सतत ग्राउंडला जातोय. ईएसपी३२ चा आतला पुलअप साधारण ४५ किलोओहमचा, ३.३ भागिले ४५ हजार, ७३ मायक्रोअँप. दार दिवसातले तेवीस तास बंदच असतं. म्हणून आतला पुलअप बंद ठेवा आणि बाहेरून १ मेगाओहम लावा, तेच ३.३ मायक्रोअँपवर येतं. वायर मात्र मग छोटी ठेवायची, लांब वायरीवर एवढा मोठा रेझिस्टर इकडचातिकडचा नॉईज पकडतो. आणि रेडिमेड मॉड्यूल (छोट्या बोर्डावर बसवून आलेला सेन्सर) वापरलं तर त्याच्यावरचा छोटा लाल पॉवर एलईडीच सगळ्यात जास्त बॅटरी खातो, तो काढून टाका.

मॅग्नेट कोणत्या बाजूने दाखवायचा

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडकतो. गोल चपटा निओडिमियम मॅग्नेट मिळतो ना, त्याचे पोल त्याच्या दोन सपाट तोंडांवर असतात. हॉल सेन्सरला सपाट तोंड अक्षरांच्या बाजूसमोर धरलं की बरोबर बसतं. पण तेच सपाट तोंड रीडच्या काचेच्या बरोब्बर मधोमध धरलं तर स्विच लागतच नाही. हळूहळू काचेच्या टोकाकडे सरकवा, लगेच लागतो. कारण दोन्ही पट्ट्या एकमेकींना ओढायच्या असतील तर चुंबकाची रेषा एका पट्टीतून दुसरीत नळीच्या लांबीने जायला पाहिजे, मधोमध आडवा धरला की दोन्ही बाजूंना सारखंच होतं आणि ओढ तयारच होत नाही. कित्येक जण "रीड खराब आहे" म्हणून टाकून देतात, तो खराब नसतो.

रीडसाठी लांबट पट्टी मॅग्नेट घ्या, पोल दोन टोकांना असलेला, आणि काचेला समांतर ठेवा. तेव्हा मधोमध सगळ्यात जोरात लागतो. पण असा मॅग्नेट काचेच्या लांबीने सरकत जात असेल आणि फारच जवळून जात असेल तर मध्ये एकदा आणि दोन्ही कडांना एकेकदा असा तीनदासुद्धा लागू शकतो. काउंट तिप्पट यायला लागला की कोडच्या आधी अंतर बघा, थोडं लांब करा.

साऊथ पोल कसा ओळखायचा? होकायंत्र असेल तर उत्तरेकडे दाखवणारं टोक ज्या बाजूकडे ओढलं जातं ती साऊथ. नसेल तर ए३१४४ लाच विचारा, ज्या बाजूने एलईडी पेटतो ती साऊथ. लगेच मार्करने टिपका द्या, नंतर फेविक्विक लावलेल्या बोटांनी शोधत बसायची वेळ येते. मोबाईलच्या होकायंत्राजवळ मोठा मॅग्नेट नेऊ नका, त्याचं कॅलिब्रेशन बिघडतं.

व्होल्टेज आणि पुलअप

ए३१४४ ला कमीत कमी ४.५ व्होल्ट लागतात. उनोवर प्रश्न नाही. ईएसपी३२ च्या ३.३ वर तो टेबलावर चालल्यासारखा वाटतो आणि नेमका बसवल्यावर दगा देतो, त्यामुळे तसं करू नका. यावर सोपा उपाय आहे. सुट्या ए३१४४ चं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे तो फक्त ग्राउंडला खेचतो, वर स्वतः ढकलत नाही. म्हणून सेन्सरला ५ व्होल्ट द्या आणि पुलअप रेझिस्टर ३.३ ला जोडा, पिनवर ३.३ च्या वर काही जाणारच नाही. पण केवाय-००३ सारखं मॉड्यूल घेतलं तर त्याच्यावर पुलअप सप्लायलाच जोडलेला असतो, ५ दिले की आउटपुटला ५ येतात आणि ईएसपी३२ च्या पिना ५ व्होल्टच्या नाहीत. हौसेखातर बोर्ड जाळू नका. ३.३ साठी बनवलेला सेन्सर घेतला तर हा प्रश्नच येत नाही.

पाय असे, अक्षरं आपल्याकडे, पाय खाली, डावीकडून सप्लाय, ग्राउंड, आउटपुट. करंट देण्याआधी परत एकदा बघा आणि दिल्यावर बोट लावून बघा, गरम लागला तर लगेच काढा. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुलअप नाही, तिथे बाहेरून १० किलोओहम लावावाच लागतो, नाहीतर मॅग्नेट नसतानाही आकडा वाटेल तसा पळतो.

टेबलावर पट्टी ठेवून टेस्ट

शाळेची स्टीलची पट्टी वापरू नका, प्लॅस्टिकची घ्या. सेन्सर शून्यावर चिकटवा, मॅग्नेट लांबून हळूहळू आणा, एलईडी पेटतो ते अंतर लिहा, मग मागे न्या, विझतो ते लिहा. दोन आकडे वेगळे येतील आणि तसेच यायला पाहिजेत, त्या फरकामुळेच हॉल सेन्सर कडेवर फडफडत नाही. आता जे अंतर आलं त्याच्या निम्म्यावर बसवायचं. निम्मं का, तर मॅग्नेटचा जोर अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, जरा लांब गेल्यावर दुप्पट अंतराला जवळपास आठवा भागच उरतो, त्यामुळे कडेवर बसवलेलं सेटिंग एक मिलिमीटर सरकलं तरी गेलं. शिवाय पीसापीसात फरक असतो, ए३१४४ च्या डेटाशीटमध्येच ऑन होण्याचा आकडा ७० ते ३५० गॉस (चुंबकाच्या जोराचं माप) असा पसरलेला आहे. एकावर मोजलेलं अंतर दुसऱ्याला धरून चालू नका.

टेस्ट शक्य तेवढी खऱ्या जागेसारखी करा. लोखंडी कपाटाच्या दाराला रीड बसवला की लोखंड चुंबकाची बरीचशी ओढ स्वतःकडे घेतं आणि लाकडावर दोन सेंटीमीटरवरून लागणारा स्विच तिथे एकावर येतो, तेव्हा मध्ये प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा जाड तुकडा घाला.

बसवताना

मागावर काम करायचं तर माग बंद, मेन स्विच खाली, आणि घरातलं मोठं माणूस शेजारी. मॅग्नेट चाकाला नुसता चिकटतो म्हणून सोडून देऊ नका, फिरताना उडाला तर डोळ्याचं काम आहे. दोन भागांचं एपॉक्सी लावा आणि वरून पट्टा आवळा. गरम गोंदाची गन इथे उपयोगाची नाही, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवरच्या टाकीवर त्याहून जास्त, तो गोंद मऊ पडून सुटतो. साध्या निओडिमियमला ८० डिग्रीपर्यंत चालतं, तेवढी काळजी नाही, फक्त मोटरच्या बॉडीला चिकटून बसवू नका.

वायर तीन-चार मीटरच्या वर गेली की मागाच्या मोटरचा नॉईज आत येतो. सेन्सरच्या पायाशीच सप्लाय आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, आतल्या पुलअपवर भरवसा न ठेवता ४.७ किलोओहम बाहेरून लावा, आणि वायर मोटरच्या केबलबरोबर एकाच पाईपमधून नेऊ नका.

कोडमध्ये इंटरप्ट वापरा (पिनवर सिग्नल आला की बोर्ड हातातलं काम थांबवून लगेच तिकडे बघतो), उनोवर त्यासाठी पिन २ आणि ३. इंटरप्टच्या फंक्शनमध्ये सिरियल प्रिंट टाकायचं नाही, फक्त काउंट वाढवायचा, आणि शेवटच्या काउंटनंतर १०० मिलिसेकंद झाले नसतील तर तो सोडून द्यायचा. दोन फेऱ्यांच्या मध्ये ४०० मिलिसेकंद आहेत म्हणून १०० आरामात बसतात. काउंटरच्या व्हेरिएबलला व्होलाटाईल (हा आकडा मधेच बदलू शकतो अशी खूण) लिहायला विसरू नका.

त्या मुलाने लॅच काढून ए३१४४ लावला, अंतर ४ मिलिमीटर ठेवलं. मग काकांनी माग चालू केला, त्याने स्वतः तोंडाने शंभर फेरे मोजले आणि स्क्रीनवर बघितलं तर ९९. दुसऱ्यांदा १००, तिसऱ्यांदा परत १००. पहिल्या वेळी त्याने रीसेटचं बटण माग सुरू झाल्यावर एक फेरा उशिरा दाबलं होतं. आता काकांच्या बाकीच्या मागांसाठी तो ए३१४४ आणायला निघालाय, आणि आणले की प्रत्येक पीस एलईडीवर तपासूनच बसवणार आहे.